गरोदरपणात ज्येष्ठमध: काडी की चमचा?

खोकला झाला की ज्येष्ठमधाची काडी, आवाज बसला की ज्येष्ठमध, छातीत जळजळलं की ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधातून. घरात बाळगुटीचा डबा असेल तर वेखंड, मुरडशेंग, जायफळाच्या शेजारी त्याचा तुकडा असतोच. २०२०मध्ये आयुष मंत्रालयाने कोविडसाठी चाचणीला घेतलेल्या औषधांत यष्टिमधु म्हणून त्याचं नाव आलं, आणि ज्यांच्या घरात ते नव्हतं त्यांच्याही घरात चूर्णाची डबी आली.

त्यामुळे सुनेला पाचव्या-सहाव्या महिन्यात पित्ताचा त्रास सुरू झाला की कुणीतरी ती डबी पुढे करतंच. आणि मग गोंधळ उडतो. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे.’ इंटरनेटवर वाचावं तर थेट बाळाच्या मेंदूपर्यंत गोष्ट गेलेली. आणि शेजारच्या काकू सांगतात, आमच्या वैद्यांनी तर पहिल्याच महिन्यात ज्येष्ठमधाचा काढा दिला होता.

उत्तर आधीच सांगून टाकते. घसा खवखवतोय म्हणून एखाद-दोन दिवस काडी चघळली, किंवा विड्यात चिमूटभर आलं, तर घाबरण्यासारखं काही नाही. पण चमचाभर चूर्ण किंवा काढा रोज, आठवडेच्या आठवडे, गरोदरपणात स्वतःच्या मनाने घेऊ नये. असं का, ते मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ‘डॉक्टर म्हणतात म्हणून’ एवढ्यावर कुठली सासू ऐकणार?

गोडवा येतो कुठून

ज्येष्ठमध म्हणजे शेंगा धरणाऱ्या एका झुडपाचं वाळवलेलं मूळ. त्याच्या गोडव्याचा साखरेशी काही संबंध नाही. तो येतो ग्लिसरायझिन नावाच्या द्रव्यातून. हे द्रव्य साखरेच्या सुमारे पन्नास पट गोड असतं, म्हणून ती एवढीशी काडी तोंडात धरली तरी गोडवा बराच वेळ रेंगाळतो.

ग्लिसरायझिन पोटात गेलं की आतड्यातले जीवाणू त्याचं रूप बदलतात, आणि हे बदललेलं रूप रक्तात उतरतं. ते लघवीवाटे चटकन निघून जात नाही. यकृतातून पित्तात, पित्तातून पुन्हा आतड्यात, तिथून पुन्हा रक्तात अशा फेऱ्या मारत राहतं. म्हणून रोज घेतलं की साठत जातं आणि बंद केलं तरी त्याचा परिणाम काही दिवस, कधी काही आठवडे टिकतो. आजचा कप आज संपला, असा हिशेब इथे चालत नाही.

वॉचमनला डुलकी लागते तेव्हा

आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं एक संप्रेरक असतं. ताण आला की ते वाढतं, सकाळी जाग यायच्या सुमाराला ते चढतं, साखर आणि दाह यांच्यावर त्याचा ताबा असतो. वाईट वगैरे काही नाही, त्याच्याशिवाय जगता येणार नाही. पण ते सगळीकडे शिरून चालत नाही.

मूत्रपिंडात मीठ धरून ठेवायचा हुकूम द्यायला अल्डोस्टेरॉन नावाचं वेगळं संप्रेरक आहे. अडचण अशी, की अल्डोस्टेरॉनच्या दारातून कॉर्टिसॉललाही आरामात आत जाता येतं, आणि रक्तात कॉर्टिसॉलचं प्रमाण अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट असतं. म्हणून त्या पेशींच्या दाराशी एक एन्झाइम बसवलेलं आहे, सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं. कॉर्टिसॉल आलं की हा वॉचमन त्याला पकडून निरुपद्रवी कॉर्टिसोन करून टाकतो. अल्डोस्टेरॉनला मात्र सोडतो.

ज्येष्ठमध या वॉचमनला गुंगी आणतं. मग कॉर्टिसॉल आत घुसतं, आणि मूत्रपिंडाला वाटतं, मीठ धरून ठेवायचा हुकूम आला. मीठ राहतं, मिठाबरोबर पाणी राहतं, पोटॅशियम लघवीतून वाहून जातं. रक्तदाब चढतो, पायावर सूज येते, स्नायू गळून जातात, पोटऱ्यांत गोळे येतात, फारच झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

हे कुण्या अॅलोपॅथीवाल्याने आयुर्वेदाला नावं ठेवायला शोधून काढलेलं नाही, बरं का. १९४६मध्ये नेदरलँड्समध्ये रेव्हर्स नावाचे एक डॉक्टर पोटातल्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा घट्ट अर्क देत होते. अल्सर बरे होत होते! पण काही रोग्यांच्या चेहऱ्यावर, पायांवर सूज यायला लागली, धाप लागायला लागली, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. असं का होतं, याचं कोडं सुटायला चाळीस वर्षं गेली. १९८७मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी या एन्झाइमचा धागा जुळवून दाखवला. म्हणजे पित्तावर ज्येष्ठमधाने बरं वाटतं हेही खरं, आणि त्याच मुळाने रक्तदाब चढतो हेही खरं.

तोच वॉचमन वारेतही बसलेला असतो

गरोदर नसलेल्या माणसाची गोष्ट इथे संपते. गरोदर बाईच्या पोटात मात्र आणखी एक गेट आहे, ते म्हणजे वार.

आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल बाळाच्या रक्तातल्यापेक्षा पाच ते दहा पट असतं. गरोदरपणात ते आणखी वाढतं. वाढत्या बाळाला एवढं कॉर्टिसॉल नको असतं. त्याचा मेंदू, त्याची स्वतःची ताण सांभाळायची यंत्रणा अजून बसतेय, आणि कॉर्टिसॉलचा सांगावा साधारणपणे ‘आता वाढ थांबव, पिकायला लाग’ असा असतो. म्हणून वारेत तेच एन्झाइम भरपूर असतं आणि आईच्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग वाटेतच निकामी करतं. रोजच्या ज्येष्ठमधाने इथेही गुंगी येऊ शकते, ही खरी काळजी.

इथे चाणाक्ष वाचक विचारतील, मग दिवस भरायच्या आत बाळंतपण होणार असं दिसलं की डॉक्टर स्वतःच आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. ती इंजेक्शनं बीटामेथॅसोनची किंवा डेक्सामेथॅसोनची असतात, आणि ती मुद्दाम निवडलेली आहेत, कारण वारेतलं हे एन्झाइम त्यांना फारसं अडवू शकत नाही. लवकर येणाऱ्या बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून मोजून एक-दोन दिवस ती दिली जातात. बाळाचा जीव वाचवायला मोजून उघडलेलं दार आणि महिनोन् महिने उघडं राहिलेलं दार यांत फरक आहे.

फिनलंडमध्ये काय दिसलं

हे झालं तत्त्व. प्रत्यक्षात मुलांवर काही परिणाम दिसतो का? याचं सगळ्यात जास्त उत्तर फिनलंडकडून मिळतं, कारण त्या देशाला ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांचं विलक्षण वेड आहे. नवसागर घातलेला त्याचा खारट प्रकारही तिथे आवडीने खातात. तो पहिल्यांदा तोंडात टाकणाऱ्या आपल्या माणसाचं तोंड बघण्यासारखं होतं.

हेलसिंकीत १९९८मध्ये बाळंत झालेल्या हजारेक बायकांना संशोधकांनी विचारलं, गरोदरपणात तुम्ही ज्येष्ठमधाचं काय काय आणि किती खाल्लंत? त्यावरून आठवड्याला किती ग्लिसरायझिन पोटात गेलं याचा अंदाज काढला. आठवड्याला ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांची बाळंतपणं थोडी लवकर झाली. बाळांच्या वजनात फरक दिसला नाही, आयांच्या रक्तदाबातही लक्षणीय फरक दिसला नाही. पुढच्या एका पाहणीत, इतकं खाणाऱ्यांत दिवस भरायच्या आत बाळंत होण्याची शक्यता दुपटीहून जास्त आढळली.

त्या मुलांचा नंतर पाठपुरावा झाला. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३७८ मुलं होती, वय सरासरी साडेबारा. गरोदरपणात भरपूर ज्येष्ठमध खाल्लेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यांक, अगदी कमी खाल्लेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. त्यांच्यात अवधान टिकण्याच्या तक्रारी जास्त होत्या. मुली उंचीने, वजनाने पुढे आणि लवकर वयात येणाऱ्या होत्या.

सात गुण हा आकडा वाचून पोटात गोळा येतो, म्हणून दोन गोष्टी लगेच सांगते. एक, अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. जास्त गोळ्या खाणाऱ्या बायका इतर बाबतींतही वेगळ्या असू शकतात. संशोधकांनी आईचं शिक्षण, धूम्रपान वगैरे गोष्टींचा हिशेब वजा केला होता, तरी सगळंच वजा करता येत नाही. आणि गरोदर बायकांना मुद्दाम ज्येष्ठमध खायला घालून प्रयोग करायचा तर कुठली नैतिक समिती परवानगी देईल? दोन, सरासरी म्हणजे तुमचं मूल नव्हे.

तरीही मला हे पुरावे झटकून टाकावेसे वाटत नाहीत. निरीक्षण एकीकडे आणि वारेतल्या एन्झाइमची यंत्रणा दुसरीकडे, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

फिनलंडच्या आरोग्य संस्थेने २०१६मध्ये गरोदर बायकांसाठी ज्येष्ठमध ‘शिफारस नाही’ या गटात टाकलं. अधूनमधून दोन-चार गोळ्या किंवा त्या चवीचं आइस्क्रीम खाल्लं तर धोका नाही, असंही सांगितलं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा जरा सैल आहे: गोळ्या आणि चहा माफक चालेल, पण औषध म्हणून मिळणारं ज्येष्ठमधाचं मूळ टाळा. आपल्या दृष्टीने या सल्ल्याचा दुसरा भाग महत्त्वाचा. आपल्याकडे गोळ्या कोण खातं? आपण मूळच घेतो.

आपल्या चमच्याचं गणित

मुळात ग्लिसरायझिन किती, हे जातीवर, जमिनीवर, मूळ किती जुनं यावर ठरतं, आणि ते फार कमीजास्त होतं. हिशेबापुरतं ४ टक्के धरू. म्हणजे १ ग्रॅम चूर्णात ४० मिलिग्रॅम. चहाचा एक चमचा चूर्ण साधारण ३ ग्रॅम, म्हणजे १२० मिलिग्रॅम.

आता ताळा करून बघा. धडधाकट मोठ्या माणसाने दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असं युरोपात सांगतात. रोज एक चमचा म्हणजे ती मर्यादा ओलांडली. आठवड्याचे झाले ८४० मिलिग्रॅम. फिनलंडच्या अभ्यासात ज्यांना ‘भरपूर खाणाऱ्या’ म्हटलं, त्या ५०० पासून सुरू होतात! तिथे तेवढ्यासाठी पाव किलोच्या आसपास गोळ्या खाव्या लागतात. आपल्याकडे दुधातून रोज रात्री एक चमचा घेतला की काम झालं, आणि घेणारीला वाटतं, मी तर साधं घरगुतीच घेतेय.

मुळातलं सगळंच ग्लिसरायझिन रक्तात उतरत नाही, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण चमचा आणि काडी यांतलं अंतर कळायला पुरेसा आहे. काडी चघळताना थोडा रस गिळला जातो आणि चोथा थुंकला जातो. चूर्ण अख्खं पोटात जातं. काढा उकळून आटवलेला असला तर बराचसा अर्क त्या अर्ध्या कपात उतरलेला असतो.

आणखी एक लपलेली वाट म्हणजे मिसळण. आयुर्वेदिक कफ सिरप, घशाच्या चघळायच्या गोळ्या, ‘हर्बल’ चहा, पित्तावरची चूर्णं या बऱ्याच गोष्टींत ज्येष्ठमध असतं. कधी यष्टिमधु, कधी मुलेठी, कधी लिकोरिस या नावाने. दोन-तीन ठिकाणून थोडं थोडं आलं की बेरीज वाढते. चेहऱ्यावरच्या वांगासाठीची ज्येष्ठमधाची क्रीम किंवा लेप मात्र या हिशेबात धरायला नको, कारण त्वचेतून रक्तात उतरतं ते फारच थोडं.

पण आयुर्वेदात तर गर्भिणीला देतातच की!

देतात. आणि हा आक्षेप टाळून पुढे जाणं बरोबर नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, गर्भाला धोका दिसत असेल तर कुठल्या महिन्यात काय द्यायचं याची यादी आहे. त्यात पहिल्या महिन्याच्या योगात ज्येष्ठमध, सागाचं बी, क्षीरकाकोली आणि देवदार आहेत. सातव्या महिन्याच्या योगात शिंगाडा, द्राक्षं, कसेरू यांच्याबरोबर पुन्हा ज्येष्ठमध आहे. महाराष्ट्रातले अनेक वैद्य आजही हे मासानुमासिक योग देतात.

पण त्या यादीत काय आहे ते नीट बघा. तीन-चार किंवा अधिक द्रव्यांतलं ते एक. ठरावीक महिन्यासाठी, ठरावीक तक्रारीसाठी, दुधाबरोबर. ‘पित्त झालं की रोज रात्री चमचाभर, बाळंत होईपर्यंत’ असं त्यात कुठेही नाही. वैद्याची मात्रा आणि व्हॉट्सॲपवरची मात्रा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे खुद्द वैद्यच सगळ्यांत जास्त पोटतिडकीने सांगतात.

आणि संहितेत आहे म्हणून मोजमाप सोडावं, हेही मला पटत नाही. रक्तदाब मोजायचं यंत्र सुश्रुताकडे नव्हतं, आजच्या वैद्यांच्या टेबलावर आहे. तेव्हा वैद्यांकडून औषध घेत असाल तर दोन गोष्टी सरळ विचाराव्यात: यात ज्येष्ठमध आहे का, आणि किती दिवस घ्यायचं? आणि तीच चिठ्ठी तुमच्या प्रसूतितज्ज्ञांनाही दाखवावी. दोघांना एकमेकांच्या औषधांची माहिती नसणं हेच पुष्कळदा महागात पडतं.

आमच्या आजीला काही झालं नाही

झालं नसेलच. बहुतेक बायकांना काही होत नाही. पण आजीच्या वेळी रक्तदाब कुणी मोजला होता? पाय सुजले तर ‘सातवा महिना आहे, सुजणारच’ म्हटलं गेलं. बाळ आठ-दहा दिवस लवकर आलं तर ते ज्येष्ठमधाच्या खात्यावर कोण मांडणार? शिवाय त्या काळी बाजारातून येई ती काडी, आज येतं ते अर्काचं कॅप्सूल. नाव एक, ताकद वेगळी.

यांनी काडीच्याही वाटेला जाऊ नये

आधीपासून रक्तदाब असलेल्या, गरोदरपणात १४०/९०च्या वर गेलेल्या, मागच्या खेपेला प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे रक्तदाब वाढून लघवीत प्रथिनं जाण्याचा त्रास झालेल्या, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या, रक्तात पोटॅशियम कमी असलेल्या, किंवा यापूर्वी दिवस भरायच्या आत बाळंत झालेल्या बायकांनी ज्येष्ठमध पूर्ण टाळावं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ज्येष्ठमध नेमकं तिच्या उलट दिशेने ओढतं. डॉक्टर गोळी वाढवत राहतात, आणि रात्रीच्या दुधाबद्दल कुणी बोलतच नाही.

पित्तासाठी गरोदरपणात चालणारी औषधं आहेत, ती डॉक्टर देतात. थोडं थोडं पण वारंवार खाणं, रात्री जेवल्यावर लगेच आडवं न होणं, उशी उंच घेणं यानेही फरक पडतो. घशाला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि मध पुरतो. साखरेचा त्रास असेल तर मधही मोजून.

आधीच घेतलं असेल तर?

तपासणीला बसलेल्या निम्म्या बायकांच्या मनात बहुधा हाच प्रश्न असतो आणि तो विचारायला संकोच वाटतो. दोन-तीन दिवस काडी, एखादा कप काढा, सिरपची एक बाटली झाली असेल, तर विसरून जा. महिनाभर किंवा जास्त रोज चूर्ण घेतलं असेल तर आजपासून बंद करा आणि पुढच्या तपासणीची वाट न बघता रक्तदाब मोजून घ्या. डॉक्टरांना सांगा, किती आणि किती दिवस घेतलं ते. त्यांना गरज वाटली तर ते रक्तातलं पोटॅशियम बघतील. बंद केल्यावर एन्झाइम पुन्हा कामाला लागतं, फक्त त्याला थोडे दिवस द्यावे लागतात.

डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येणं, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज, बरगडीखाली दुखणं, छातीत धडधड, हातापायांतली ताकद गेल्यासारखं वाटणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, मग ज्येष्ठमध घेतलेलं असो वा नसो.

हेलसिंकी, आइंडहोवन, स्टॉकहोम अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी मुलींसाठी एक जादा सूचना. तिथल्या दुकानात काळ्या गोळ्या दिसतील. युरोपात ज्यात ग्लिसरायझिन जास्त असतं त्या पाकिटावर रक्तदाब असलेल्यांनी अति खाऊ नये अशी सूचना छापणं बंधनकारक आहे, ती ओळ शोधा. लाल रंगाच्या, त्याच आकाराच्या गोळ्यांत बहुधा ज्येष्ठमध नसतंच. आणि पित्तासाठी ‘डीजीएल’ लिहिलेल्या गोळ्या मिळतात, त्यातून ग्लिसरायझिन जवळजवळ काढून टाकलेलं असतं. त्यामुळे रक्तदाबाचा प्रश्न बराचसा उरत नाही, पण गरोदरपणात त्याही डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या.